आजीचा अंबाडा काढताना

मनू, रात्री साडेअकराला तू पाठवलेलं चित्र मी तेव्हाच पाहिलं. उत्तर मुद्दाम दिलं नाही. 'ताई, चेहरा जमलाय, पण केस बघवत नाहीत, सगळं पुसून टाकू का?' याला फोनवर दोन शब्दांत काय सांगणार? आज सुट्टी आहे. चहा घेऊन बसलेय, तूही बस.

पहिलं म्हणजे, पुसू नकोस. आजीचा चेहरा सुरेख उतरलाय. डोळ्याखालची नाजूक घडी, नाकाशेजारचा तीळ, हनुवटी किंचित वर करून बघायची तिची सवय, सगळं आलंय. ज्या मुलीला एवढं दिसतं तिला केसही दिसतील. सध्या ते तुला दिसत नाहीयेत, कारण तू ते मोजत बसलीयस. तुझं चित्र मी मोठं करून पाहिलं. कपाळापासून मानेपर्यंत एकाच जाडीच्या रेघा, सगळ्या एकमेकींना समांतर, आणि वरून तितक्याच जाडीच्या पांढऱ्या रेघा. लांबून पाहिलं की डोक्यावर कोरड्या शेवया ठेवल्यासारखं वाटतं. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात गं. तू किती काढशील? आणि आजी समोर बसलेली असताना तुला कधी लाख केस दिसलेत का? तुला तिचा अंबाडा दिसतो, मधला भांग दिसतो, कानामागून सुटलेली एक बट दिसते. काढायचं ते एवढंच.

तू पुढे विचारलंयस, 'तू कोणता ब्रश वापरतेस? तोच पाठव ना.' हा प्रश्न फार जुना आहे. जर्मनीतला चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर केस काढण्यात इतका तरबेज होता की व्हेनिसच्या वयोवृद्ध जोव्हान्नी बेलिनीनं त्याच्याकडे एक मागणी केली: 'ज्या ब्रशनं तू केस काढतोस त्यातला एक मला दे.' ड्यूररनं आपले ब्रश पुढे केले आणि म्हणाला, हवे तेवढे घ्या. ते होते अगदी साधे, बेलिनीकडे असतील तसेच. बेलिनीला वाटलं, याला माझं म्हणणं कळलं नाही. एका वेळी बरेच केस काढणारा काहीतरी खास ब्रश याच्याकडे असणार अशी त्याची समजूत होती. मग ड्यूररनं त्यातलाच एक उचलला आणि बाईच्या लांब, लहरदार केसांची बट त्याच्यासमोर काढून दाखवली. ड्यूरर गेल्यानंतर १५३२ साली त्याच्या ओळखीच्या कामेरारियुस या विद्वानानं ही हकीकत लिहून ठेवली. ड्यूररचं १५०० सालचं स्वतःचं चित्र म्युनिकला आहे, त्यात खांद्यावर उतरलेल्या त्याच्या बटा एकदा सावकाश बघ. प्रत्येक बट वळताना कुठे रुंद होते, कुठे निमुळती होते, कुठे दुसरीच्या पाठीमागे जाते, ते बोटानं गिरवल्यासारखं बघ.

तर क्रिता या चित्रकलेच्या ॲपमध्ये तू जे 'हेअर ब्रश'चे संच भरून ठेवलेयस ना, ते काही दिवस बाजूला ठेव. वाईट असतात असं नाही. मीही शेवटच्या थरात कधीतरी त्यातला एखादा वापरते. पण एका फटक्यात वीस केस उमटवणारा ब्रश ते वीसही केस एकाच चालीनं नेतो, आणि डोळ्याला ते लगेच कळतं. साधा गोल, कडक कडेचा ब्रश घे. दाब वाढला की जाडी वाढेल एवढीच सोय त्याला दे. रेघ ओढताना हात मनगटातून न हलवता खांद्यातून हलव, आणि शेवटी पेन उचलतच टोक संपव, म्हणजे रेघ आपोआप निमुळती होईल. हात थरथरत असेल तर रेघ स्थिर करायची सोय चालू कर, कॅनव्हास फिरवून घे, आपल्या हाताला सोपी पडेल त्या दिशेनं ओढ. फोनवर बोटानं काढणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला सांग, इबिसपेंटमध्ये रेघेची दोन्ही टोकं आपोआप बारीक करायची सोय आहे, तिचं काम त्यावर भागेल.

आता खरं बोलणं. मनू, केस तुझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या बोटांना जास्त ठाऊक आहेत. शाळेत असताना आजी तुझ्या दोन वेण्या घालायची ते आठव. आधी गुंता सोडवायची. मग भांग पाडायची. मग केसांचे दोन भाग, प्रत्येकाचे तीन पेड, आणि कपाळावरच्या भुरभुरणाऱ्या केसांना तेलाचा हात अगदी शेवटी लावायची. मी केस याच क्रमानं काढते. तू थेट भुरभुरणाऱ्या केसांपासून सुरुवात केलीस.

म्हणून आधी डोकं. केसांखालची कवटी हलक्या रेघेनं पूर्ण काढ, टाळूसुद्धा. केस कवटीला चिकटून नसतात, त्यांना स्वतःची जाडी असते, त्यामुळे केसांची बाहेरची कड कवटीच्या थोडी वर येते. चापून बसवलेल्या अंबाड्यात अगदी थोडी, नुकत्याच धुतलेल्या मोकळ्या केसांत चांगली बोटभर. मग भोवरा कुठे आहे ते ठरव. बाळाचं जावळ पाहिलंयस ना, केस भोवऱ्यापासून कसे गोल फिरत निघतात? मोठेपणी भांग आणि फणी त्यांना दुसरीकडे वळवतात, पण मूळची ओढ राहतेच. आजीच्या डोक्यावर सगळ्या रेघा भांगापासून निघून मागच्या अंबाड्याच्या गाठीकडे खेचल्या गेल्यात. त्या सरळ जात नाहीत, कवटीच्या गोलाईवरून जातात. ही ओढ दाखवणारे सात-आठ बाण एका वेगळ्या थरावर काढून ठेव आणि काम संपेपर्यंत तो थर मिटवू नकोस. तुझ्या चित्रात केस कानावर पोचले की त्यांची दिशाच हरवलीय, गडबड तिथूनच सुरू होते.

मग मोठे भाग. बाहेरची आकृती एका सपाट रंगानं भरून टाक. हा रंग ना सगळ्यात गडद, ना सगळ्यात उजळ, मधला. डोळे बारीक करून पाहिलंस की नुसत्या त्या आकारावरून 'ही आपली आजी' हे ओळखू यायला हवं. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मी कितीतरी वेळा अर्धा तास याच आकारावर घालवते आणि मला त्याचं काही वाटत नाही. मग त्या आकाराचे पाच-सहा भाग पाड: भांगाच्या दोन्ही बाजूचे दोन पट्टे, कानावरून मागे जाणारा भाग, मानेवरून वर खेचलेला भाग, अंबाड्याचे वेढे. सगळे सारख्या रुंदीचे करू नकोस हं. एखादा मोठा, त्याला लागून एखादा अगदी चिंचोळा. बट म्हणजे फितीसारखी असते, तिला पुढची बाजू आहे, पाठ आहे, कड आहे. ती वळली की पाठ दिसते आणि पाठीवर सावली असते. लिओनार्दो दा विंचीनं वाहत्या पाण्याचा अभ्यास करताना टिपून ठेवलंय की पाण्याच्या भोवऱ्याची चाल केसांच्या चालीसारखी असते. पावसाळ्यात कृष्णेच्या घाटावर पायरीला आपटून मागे वळणारं पाणी तू लहानपणापासून बघतेयस. तसंच बघ केसांकडे.

एवढ्या कमी भागांत खरे केस कसे दिसतील, अशी शंका तुला येणार. म्हणून मेरिडाची गोष्ट सांगते. पिक्सारचा 'ब्रेव्ह' आपण मिळून पाहिला होता, तिचे ते लाल कुरळे केस आठवतात? २०१२ सालचा सिनेमा. मोठमोठे संगणक हाताशी असूनही त्यांनी सगळे केस एकेक करून घडवले नाहीत. सुमारे १,५०० बटा घडवल्या, आणि बाकीचे लाखभर केस त्या बटांच्या मागे मागे गेले. हालणाऱ्या, धावणाऱ्या, वाऱ्यात उडणाऱ्या डोक्याला १,५०० पुरल्या. शांत बसलेल्या आजीला तुझ्या तीस-चाळीस नक्की पुरतील.

उजेडाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण 'खरं दिसणं' म्हणतात ते बहुतेक इथेच घडतं. केसांवर जी चकाकी दिसते ती केसांच्या लांबीनं धावत नाही, केसांना आडवी जाते. डोक्यावर ती चंद्रकोरीसारखी वाकलेली दिसते. तू मात्र प्रत्येक केसावर मुळापासून टोकापर्यंत पांढरी रेघ ओढलीस. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात, कौलारू छपरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात तसे, आणि त्यांची मोकळी कड टोकाकडे असते. तुझ्या वेणीतला एक लांब केस चिमटीत धर आणि बोटं मुळाकडून टोकाकडे ने, मग उलट ने. उलट जाताना जरा खरखरीत लागेल. तीच ती कौलं. शेजारशेजारचे हजारो केस एकाच ठिकाणी एकाच कोनात वाकतात, म्हणून त्या सगळ्यांची चमक एका रांगेत येऊन पट्टा तयार होतो. बट वळली की पट्टा वळतो, बट संपली की पट्टा तुटतो आणि शेजारच्या बटेवर थोडा वर किंवा खाली पुन्हा सुरू होतो. ती तुटलेली जागा सांभाळ. सलग पांढरा पट्टा ओढलास तर डोक्यावर प्लॅस्टिकचा हेअरबँड चढवल्यासारखं होईल.

आणखी एक गंमत आहे. २००३ साली स्टीव्ह मार्शनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका केसावर प्रकाश टाकून तो कसा परततो ते मोजलं. चमक दोन असतात. पहिली केसाच्या पृष्ठभागावरून थेट परतते. ती उजेडाच्याच रंगाची असते आणि त्या कौलांच्या तिरकेपणामुळे थोडी मुळाकडे सरकते. दुसरा उजेड केसाच्या आत शिरतो, आतल्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत बाहेर येतो. त्याला केसाचा रंग लागलेला असतो आणि तो थोडा टोकाकडे सरकतो. म्हणून तपकिरी केसांवर पांढुरक्या पट्ट्याच्या खाली एक कोमट, मधासारखा पट्टा दिसतो. तुझ्या-माझ्यासारख्या काळ्याभोर केसांत रंगद्रव्य इतकं असतं की आत शिरलेला उजेड बहुतेक आतच जिरतो, त्यामुळे आपल्याकडे पहिलीच चमक राज्य करते. खिडकीजवळ ती आभाळाची निळसर झाक घेते, दिव्याखाली पिवळी होते. म्हणून काळे केस रंगवताना निव्वळ काळा रंग घेऊ नकोस. गडद तपकिरीवर किंवा गडद निळसर रंगावर सुरुवात कर, आणि अगदी काळा फक्त दोन बटांच्या मधल्या फटीत, कानामागे आणि अंबाड्याच्या वेढ्याखाली ठेव.

आजीचे केस मात्र पिकलेत, तेव्हा तुला वेगळा विचार करायला हवा. पांढऱ्या केसात रंगद्रव्य नाही. उजेड आत शिरतो आणि बाहेरही पडतो. ती सकाळी तुळशीपाशी उभी असते तेव्हा पाठीमागून ऊन आलं की डोक्याभोवती उजळ कड दिसते ना, त्याचं कारण हेच. पण सावलीतले पांढरे केस पांढरे दिसत नाहीत. तू चित्र पांढऱ्या रंगानं सुरू केलंस, म्हणून पुढे चमक दाखवायला जागाच उरली नाही. मधला करडा घे, तुला वाटतो त्याहून दोन पायऱ्या गडद. मूळ फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेव म्हणजे पटेल. मानेजवळच्या करड्यात तिच्या कातडीचा आणि त्या आमसुली लुगड्याचा थोडा रंग मिसळ, खिडकीच्या बाजूला थंड निळसर. निव्वळ पांढरा सगळ्यात शेवटी, तोही चार-सहा ठिकाणी. तिचे सगळे केस पांढरे तरी कुठे आहेत? कानशिलांवरचे पांढरेशुभ्र, मानेवरचे अजून काळे. दोन्ही वर खेचून ती वेढा घालते, म्हणून अंबाड्यात काळ्या-पांढऱ्याचे पीळ दिसतात. हे तुझ्या फोटोत स्पष्ट आहे आणि तुझ्या चित्रात अजिबात नाही. मला विचारशील तर या चित्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच होईल.

ती तेल लावते हेही विसरू नकोस. तेलाचे केस एकमेकांना धरून राहतात, बटा ठसठशीत होतात, चमक नेमकी होते, सुटे केस कमी. न्हाऊन कोरडे केलेले केस असते तर चमक पसरट आणि मऊ काढायला सांगितली असती.

थरांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला येतंच. सपाट आकाराच्या थरावर सावलीचा थर क्लिप करून 'मल्टिप्लाय'वर ठेव, त्यावर उजेडाचा साधा थर. सुट्या केसांना अगदी वरचा, स्वतंत्र थर. बोटानं रंग फासायचं ते स्मज वापरू नकोस, केसांचं मेण होतं. बास.

थरांवरून आठवलं. आजीच्या देवघरातली लक्ष्मीची जुनी तसबीर रविवर्म्याच्या चित्राची आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडी छपाईत रंगागणिक वेगळा दगड असे, एकाच्या छापावर दुसऱ्याचा छाप बसवत चित्र पुरं होई. आपले थर म्हणजे तेच दगड. पुढच्या वेळी उदबत्ती लावताना लक्ष्मीच्या केसांकडे बघ. केसांचा काळा भार एकसंध आहे, खांद्यावर आलेल्या लाटा तेवढ्या वेगळ्या काढल्यात. तरी आजवर कुणालाही ते केस खोटे वाटलेले नाहीत.

आता कपाळाची कड. इथे सगळ्यांचे केस टोप घातल्यासारखे दिसतात. केस कपाळावर एका रेघेत उगवत नाहीत. कडेला ते विरळ, आखूड आणि फिके असतात, मधून कातडी दिसते. कातडी आणि केस यांच्या मधला एक रंग तयार कर आणि मऊ ब्रशनं कडेवरून आधी तो फिरव. त्यावर मोजके आखूड केस, थोडे वेडेवाकडे. केसांची कपाळावर पडणारी बारीकशी सावली विसरू नकोस, तिच्यामुळेच केस डोक्यावर बसतात. आजीचा भांग वयानं रुंद झालाय, तो तसाच दाखव. तिला बरं दिसावं म्हणून अरुंद करशील तर ती आपली आजी राहणार नाही.

सुटे केस शेवटी, आणि थोडे. वीस पुरे. एकमेकांना छेदणारे, वेगवेगळ्या लांबीचे, दोन-तीन बाहेरच्या कडेच्या पलीकडे गेलेले. कानामागून सुटणारी ती बट मात्र जपून काढ, ती तिची ओळख आहे.

एक माझं सांगते. कामाला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी एका मासिकासाठी लहान मुलीचं चित्र केलं होतं. तीन रात्री नुसत्या केसांवर घालवल्या. प्रत्येक कुरळी बट टोकापर्यंत स्पष्ट, अबोलीचा गजरा पाकळी न् पाकळी. संपादकबाईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, 'केस दिसतात, मुलगी दिसत नाही.' मला त्या दिवशी खूप लागलं. पण त्यांचं खरं होतं. घरी येऊन मी डोक्यामागचे सगळे केस पुन्हा धूसर केले आणि फक्त डोळ्यांजवळची झुलपं स्पष्ट ठेवली. त्याच चित्रातली मुलगी हसायला लागली. म्हणून तुला सांगते, सगळीकडे सारखी मेहनत करू नकोस. आजीच्या चेहऱ्याजवळ, कानशिलावर, कानामागच्या बटेवर नजर थांबू दे. अंबाड्याची पलीकडची कड पार्श्वभूमीत विरून गेली तरी चालेल. दर पंधरा मिनिटांनी चित्र लहान करून बघ, आरशात धरल्यासारखं उलटं करून बघ. सतत मोठं करून काम करशील तर पुन्हा केस मोजायला लागशील.

तिच्या पंच्याहत्तरीला अजून तीन आठवडे आहेत, घाई नाही. जुन्या केसांचा थर मिटवू नकोस, नुसता लपवून ठेव, नंतर शेजारी ठेवून बघायला हवाच आहे. आणि नवा फोटो घे. लग्नातला तो फ्लॅशचा फोटो सोड, समोरून फ्लॅश पडला की केसांचे सगळे चढउतार पुसले जातात. सकाळी नऊच्या सुमारास तिला माजघरातल्या खिडकीपाशी बसव, उजेड एका बाजूनं येऊ दे, समोरून, बाजूनं आणि मागून असे तीन फोटो काढ.

उद्या रविवार, तिचा न्हायचा दिवस. केस वाळले की ती फणी घेऊन ओसरीवर बसेल, आणि हल्ली तिचे हात वर नीट जात नाहीत हे तुलाही माहीत आहे. टॅबलेट आत राहू दे. तिच्या मागे बस, फणी तिच्या हातातून घे आणि उद्याचा अंबाडा तू घाल. कुठून केस निघतात, कुठे ओढ बसते, कितवा वेढा कुणाच्या खाली जातो, सगळं बोटांना कळेल. मग संध्याकाळी चित्र उघड, आणि रात्री मला फोन कर.